दम लागणं, दम घेणं आणि दमानं घेणं

(नगर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



कागदोपत्री आपला जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण माझ्या तोंडात 'नगर' बसलेलं आहे. बोलताना तसं आलं तर समजून घ्या.

आजचा विषय व्यायामाचा आहे. पण 'व्यायाम करा' हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न पुढचा आहे. व्यायाम किती जोरात करायचा? पुढची वीस-तीस वर्षं तब्येत चांगली राहावी, तर रोज निवांत फिरणं पुरतं, की घाम निघायला हवा, धाप लागायला हवी? आणि जास्त जोर केला तर अपाय होतो का?

हा प्रश्न मला दोन पेशंटनी शिकवला. दोघांची गोष्ट आधी सांगतो.

पहिले एक निवृत्त गुरुजी. रोज पहाटे तासभर फिरणारे, कधी खाडा नाही. एक दिवस रिपोर्ट घेऊन आले. शुगर वाढलेली. म्हणाले, "डॉक्टर, मी तर रोज तासभर चालतो. मग हे कसं?" मी विचारलं, "चालताना काय करता?" म्हणाले, "आम्ही चौघं जण असतो. गप्पा मारतो. राजकारण, कांद्याचा भाव, पोरांच्या बदल्या." मी म्हटलं, "धाप लागते?" ते हसले. "छे हो, अजिबात नाही! तब्येत ठणठणीत आहे माझी."

दुसरी एक बाई, पाथर्डीकडची. वय पन्नाशीच्या आतलं, अंगानं काटक. बीपी बरंच वाढलेलं. मी आपलं नेहमीचं सांगून टाकलं: मीठ कमी करा, गोळी चुकवू नका आणि रोज व्यायाम करा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "डाक्टर, आम्ही सहा महिने कोयता घेऊन ऊस तोडतो, मोळ्या डोक्यावर वाहतो. मग ते काय आसतं?"

मला उत्तर देता आलं नाही, हे कबूल करतो. एका माणसाला 'तुमचा व्यायाम पुरेसा जोराचा नाही' असं सांगायचं होतं, आणि दुसरीला 'तुमचे कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे' असं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते मला तेव्हा नीट मांडता येत नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईला तेव्हा न दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

जोर म्हणजे नक्की काय?

आपण व्यायाम मिनिटांत मोजतो, किलोमीटरमध्ये मोजतो, हल्ली पावलांत मोजतो. शरीर मात्र आणखी एक गोष्ट मोजतं: त्या हालचालीसाठी हृदयाला, फुप्फुसांना आणि स्नायूंना नेहमीपेक्षा किती जास्त काम पडलं. यालाच व्यायामाची तीव्रता म्हणायचं.

शास्त्रज्ञ ती 'मेट' या एककात मोजतात. शांत बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तो १ मेट. त्याच्या ३ ते ६ पट म्हणजे मध्यम व्यायाम, ६ पटींच्या वर गेलं की जोरदार व्यायाम. पण घरी काही कोणी मेट मोजत नाही. त्यासाठी साधी कसोटी आहे, बोलण्याची. चालताना सहज गप्पा मारता येतात आणि गाणंही म्हणता येतं, तर तो हलका व्यायाम. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार.

आणखी एक युक्ती. घड्याळ लावून १५ सेकंद पावलं मोजा. साधारण २५ पावलं झाली, म्हणजे मिनिटाला १००, तर चाल मध्यम तीव्रतेची आहे. मिनिटाला १३० च्या आसपास गेलात तर बहुतेकांसाठी ती जोरदार होते. आमच्या गुरुजींनी पुढच्या भेटीत सांगितलं, "डॉक्टर, मोजलं. ऐंशीसुद्धा भरत नाहीत." तासभराच्या गप्पा उत्तम झाल्या होत्या. व्यायाम मात्र हलकाच झाला होता.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हा जोर ज्याच्या-त्याच्या मापाचा असतो. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातली माणसं वर सरबत विकायला सामान खांद्यावर घेऊन बोलत-बोलत चढतात. त्याच वाटेवर शहरातून आलेला तिशीतला तरुण पहिल्या शिडीपाशीच कंबरेवर हात ठेवून उभा असतो. डोंगर तोच आणि चढही तोच, पण एकासाठी मध्यम, दुसऱ्यासाठी अतिजोराचा. म्हणून 'शेजारी इतकं पळतो, मीही पळणार' हे चूक. आणि ऐंशी वर्षांच्या आजी अंगणात भराभर दहा फेऱ्या मारताना धापा टाकत असतील, तर त्यांच्यासाठी तोच जोरदार व्यायाम आहे, हेही लक्षात ठेवा.

बसचा कंडक्टर आणि ड्रायव्हर

हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला अभ्यास छापला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर आणि एकाच प्रकारच्या वस्तीतले. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. कंडक्टर लोकांमध्ये हृदयविकार कमी दिसला, आणि झालाच तर उशिरा आणि कमी घातक.

मॉरिस पुढे इंग्लंडमधल्या सरकारी कारकुनांकडे वळले. टेबलावर बसून काम करणारी ही माणसं. त्यांच्यात, फावल्या वेळात खरोखर अंग मोडून काही करणाऱ्यांना हृदयविकारापासून संरक्षण मिळालेलं दिसलं. म्हणजे नुसती हालचाल नव्हे, तिच्यातला जोरही महत्त्वाचा, हा धागा तेव्हापासूनचा आहे. मॉरिस स्वतः व्यायाम करायचे आणि ९९ वर्षं जगले. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये, पण ऐकायला बरं वाटतं.

धाप लागते तेव्हा आत काय होतं?

जोरात चाललात की मांडीचे स्नायू ऑक्सिजन मागतात. हृदय नुसतं वेगानं धडधडत नाही, दर ठोक्याला जास्त रक्तही फेकतं. हे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने झालं, की हृदयाची ती क्षमता वाढते. स्नायूंच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. रक्तवाहिन्यांची आतली अस्तरं जास्त लवचीक राहतात. आणि मधुमेहींसाठी मोलाची गोष्ट अशी, की काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो.

या सगळ्याची बेरीज म्हणजे शरीराची 'कमाल क्षमता', आपल्या भाषेत दमसास. तिशीनंतर ती दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी घसरते, असं ढोबळमानानं धरतात. ती का जपायची? २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की ही क्षमता १ मेटनं जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी असतो. १ मेट म्हणजे फार नाही. सपाटीवर जरा भराभर चालण्याइतका फरक.

आणि ही क्षमता वाढवायची तर हृदयाला कधीतरी तिच्या वरच्या टोकाजवळ न्यावं लागतं. विहिरीला पाणी लागतंय की नाही, ते वरवर उकरून कळत नाही. गुरुजींचं तेच झालं होतं. एक तास, पण सगळा वरवरचा.

इथं आपल्या मातीतली एक गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. त्यामुळे 'मी जाड नाही, मला व्यायामाची गरज नाही' हे आपल्याकडे चालत नाही. आपल्याला स्नायूंना काम देणारा व्यायाम जास्तच हवा.

आणि आपण करतो किती? आयसीएमआरच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या १४,२२७ प्रौढांकडे पाहिलं गेलं. २०१४ साली ती छापून आली. ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले. आवडीनं, फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारे १० टक्क्यांहूनही कमी होते.

मग किती करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं माप असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, किंवा दोन्हींची मिसळ. म्हणजे हिशेबाला जोराचं १ मिनिट बरोबर मध्यमची २ मिनिटं. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. आधी अट होती की एका वेळी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत. ती अट २०२० मध्ये काढली. सुटी मिनिटंही मोजायची.

ती सुटी मिनिटं किती कामाची आहेत, याचा एक अभ्यास २०२२ साली आला. ब्रिटनमधले २५,२४१ जण घेतले, त्यातला कोणीही व्यायाम करणारा नव्हता. सगळ्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र. काही जण रोजच्या जगण्यातच एक-दोन मिनिटं जोर लावत होते: बस पकडायला धावणं, जिना भरभर चढणं, जड पिशवी घेऊन चालणं. दिवसाला अशी सरासरी साडेचार मिनिटंही नव्हती. पण अशी अजिबात न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका २६ ते ३० टक्क्यांनी कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. कदाचित जे मुळात तब्येतीनं बरे तेच जिना पळत चढत असतील. तरी एवढा फरक सोडून देण्यासारखा नाही.

दुसरा जपानचा प्रयोग. मात्सुमोतो शहरात तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यम वयाच्या आणि वयस्क लोकांना साधी रीत दिली: ३ मिनिटं भराभर चाला, ३ मिनिटं सावकाश, असे पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं एका लयीत चालायला सांगितलं. पाच महिन्यांनी, थांबून-थांबून जोर लावणाऱ्यांची मांडीची ताकद आणि दमसास जास्त वाढला, बीपीही जास्त उतरलं. जागा, बूट, रस्ता सगळं तेच. बदलला फक्त वेग.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम शहरात ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांवर पाच वर्षांचा प्रयोग झाला. एक गट आठवड्यातून दोनदा खूप जोराचा व्यायाम करणारा, एक गट मध्यम, आणि तिसऱ्याला फक्त सरकारी सल्ला: बहुतेक दिवशी अर्धा तास हालचाल करा. २०२० साली निकाल आला. पाच वर्षांत मृत्यू: जोराच्या गटात ३ टक्के, मध्यम गटात ५.९, सल्ल्याच्या गटात ४.७. जोराचा गट पुढे दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही. कारण एक असंही, की तिसऱ्या गटातली मंडळीही चांगलीच हलत-चालत होती.

मी यातून दोन गोष्टी घेतो. एक, सत्तरीतही जोराचा व्यायाम, नीट तपासून आणि देखरेखीखाली, करता येतो. दोन, जोर हा चमत्कार नाही. मुळात नियमित हालचाल हाच पाया. तैवानमध्ये चार लाखांवर लोकांच्या अभ्यासात रोजच्या फक्त १५ मिनिटांच्या मध्यम व्यायामानंही मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी दिसला होता. म्हणून ज्यांचं आज शून्य आहे त्यांनी जोराचा विचारही करू नका. आधी चालू लागा. ज्यांचं गुरुजींसारखं वर्षानुवर्षं चालणं आहे, त्यांनी त्यात जोराची भर घाला.

कष्ट म्हणजे व्यायाम का?

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते कैदेत होते, हे नगरकरांना सांगायला नको. तिथंच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच नेहरूंनी नोंदवलंय, की तिथल्या खडकाळ, निकृष्ट जमिनीत ते रोज कितीतरी वेळ खणत, फुलांचे वाफे तयार करत. उन्हातसुद्धा. कैदी होते खरे, पण कुदळ त्यांनी स्वतःच्या मनानं उचललेली होती. दमले की थांबता येत होतं. पाणी होतं, जेवण होतं, संध्याकाळी पुस्तक होतं.

आता दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई डोळ्यांसमोर आणा. कुदळ तीच, जमीन तीच. पण थांबणं तिच्या हातात नाही.

संशोधनात याला शारीरिक श्रमाचा विरोधाभास म्हणतात. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर ज्या पुरुषांचं रोजगाराचं काम फार कष्टाचं, त्यांच्यात लवकर मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांमध्ये तसं स्पष्ट दिसलं नाही. यावर वादही आहेत. कष्टकऱ्याच्या वाट्याला गरिबी, तंबाखू, अपुरं अन्न, उशिरा मिळणारे उपचार हे सगळंच येतं, त्यातलं कष्टांमुळे किती आणि परिस्थितीमुळे किती, हे वेगळं करणं अवघड आहे. पण शरीरशास्त्राच्या अंगानं फरक समजण्यासारखा आहे.

व्यायामात जोर थोडा वेळ असतो आणि मग विश्रांती येते. शरीराची डागडुजी त्या विश्रांतीत होते. ताकद व्यायाम करताना वाढत नाही, नंतर झोपल्यावर वाढते. ऊसतोडीत पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. आठ-दहा तास, आठवडे आणि महिने. हृदयाचे ठोके दिवसभर वाढलेले राहतात. जड वजन उचलून धरताना बीपी उसळतं. रात्री गाडी भरायला कधीही उठावं लागतं, म्हणजे झोपही मोडलेली. त्यात ऊन आणि पाणी कमी. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत तरणेताठे ऊसतोड कामगार किडनी निकामी होऊन गेले. ना मधुमेह, ना बीपी. रणरणत्या उन्हातले अतिकष्ट आणि शरीरातलं पाणी आटणं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथं आता कामगारांसाठी सावली, पाणी आणि ठरलेली विश्रांती यांवर भर देतात.

आपला जिल्हा सहकारी साखर कारखानदारीचं माहेर आहे. प्रवरेचा कारखाना १९५० सालचा. त्याच जिल्ह्यातले पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके ऊसतोड कामगारही पुरवतात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला दम लागतच नाही म्हणून आजारी पडणारी माणसं, आणि दुसऱ्या टोकाला दम घ्यायलाच मिळत नाही म्हणून झिजणारी. दोघांना एकच चिठ्ठी देऊन चालणार नाही. माझं चुकलं होतं ते हेच.

ती बाई पुढच्या वर्षी हंगामाआधी आली तेव्हा मी 'व्यायाम' हा शब्दच काढला नाही. गोळ्या संपूर्ण हंगामाच्या बरोबर दिल्या. कारखान्याच्या गावात महिन्यातून एकदा बीपी मोजून घ्यायला सांगितलं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, दुपारच्या उन्हात तासभर तरी सावलीला बसायचं, मोळी डोक्यावर घेताना एकटीनं ओढायची नाही. ती म्हणाली, "हे जमंल. पन सावलीला बसायचं मुकादमाला कोन सांगनार?" त्याचं उत्तर दवाखान्यात मिळत नाही. ते आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांनी, कारखान्यांच्या सभासदांनी द्यायचं आहे.

तीन नियम

मराठीत 'दम' हा शब्द फार उपयोगी आहे. माझे तीन नियम त्यातच बसतात.

पहिला, दम लागू द्या. बसून काम करणाऱ्यांनी, निवृत्तांनी, दुकानदारांनी, गृहिणींनी आठवड्यातून तीन-चार दिवस तरी चालण्यात ३ मिनिटं भराभर आणि ३ मिनिटं सावकाश असे पाच फेरे घाला. चांदबिबी महालाच्या डोंगरावर जाणाऱ्यांना हे आपोआप मिळतं, कारण चढ आहे. घराजवळ चढ नसेल तर जिना घ्या. सूर्यनमस्कार संथ घातले तर हलका किंवा मध्यम व्यायाम, लयीत वेगानं घातले तर जोरदार. आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याचे भरलेले कॅन उचलणं, यातलं काही.

दुसरा, दम घ्या. जोराच्या दिवसानंतर एक दिवस हलका ठेवा. झोप पुरी घ्या. कष्टाचं काम करणाऱ्यांसाठी तर हाच पहिला नियम.

तिसरा, दमानं घ्या. सुरुवातीचे तीन-चार आठवडे नुसतं नियमित चालणं. मग एकच जोराचा फेरा. मग दर आठवड्याला एखादा वाढवा. हृदयविकार, बीपी, मधुमेह असेल किंवा बरीच वर्षं काही केलेलं नसेल, तर जोर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. एप्रिल-मेमध्ये जोराचा व्यायाम उजाडतानाच उरकावा.

श्रोत्यांचे प्रश्न

*घरातलं काम व्यायामात धरायचं का?*

धुणं घासून धुणं, फरशी पुसणं, हंडे वाहणं यात मध्यम जोर असतो, तो धरा. पण मघाची बोलण्याची कसोटी लावा. आणि घरातल्या कामाला सुट्टी नसते, त्यामुळे बायकांना दम घ्यायलाही मिळत नाही. सभागृहातल्या पुरुषांनी ते काम वाटून घेतलं तर दोघांचाही फायदा आहे. (हशा)

*जिममध्ये तरुण मुलांना झटका येतो असं ऐकतो. मग जोर लावायचा कशाला?*

१९९३ साली अमेरिकेत यावर अभ्यास झाला. ज्याला अजिबात सवय नाही त्यानं एकदम भारी श्रम केले, तर त्या तासाभरात झटक्याचा धोका १०७ पट वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो फक्त २.४ पट होता. मूळ धोका लहानच असतो, त्यामुळे १०७ चा आकडा ऐकून घाबरू नका. पण अर्थ सरळ आहे. जोरापेक्षा 'एकदम'चं भय जास्त. सवय हेच संरक्षण. आणि घरात कमी वयात हृदयविकारानं कोणी गेलं असेल तर आधी तपासणी करून घ्या.

*दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?*

तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०२२ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात साठीच्या पुढच्यांना ६ ते ८ हजार पावलांतच बहुतेक फायदा मिळालेला दिसला, त्याहून तरुणांना ८ ते १० हजारांत. तेव्हा सहा हजार चाला, पण त्यातली हजार-दीड हजार भराभर टाका.

*मला बीपीची गोळी चालू आहे. घड्याळात ठोके वाढतच नाहीत.*

काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. म्हणून '२२० वजा वय' वगैरे हिशेब तुम्हाला लागू पडत नाही. तुम्ही बोलण्याच्या कसोटीवर चला. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

*गुरुजींचं पुढे काय झालं?*

अजून चालतात. आता चौघांनी ठरवलंय, भराभर चालायच्या तीन मिनिटांत कोणी बोलायचं नाही, सावकाशच्या तीन मिनिटांत सगळं बोलून घ्यायचं. गोळीही चालू आहे आणि शुगर आता आटोक्यात आहे. परवा तक्रार करत होते, "डॉक्टर, पाच फेऱ्यांत कांद्याचा विषयच पुरा होत नाही हो!"

मी म्हटलं, मग सहावा फेरा घाला.